तोंडपुजा पडदा

फोटो स्टुडिओ बंद पडल्यापासून मावशींचे हात रिकामे होते. आता घरीच फोटो दुरुस्तीचं काम धरायचं म्हणून त्या लॅपटॉप घ्यायला आल्या. दुकानदाराने महागडा पुढे सरकवला. "मावशी, याच्या पडद्यावर काळा माणूसही गोरा दिसतो!"

मावशींनी पेनड्राइव्हमधला एक डागाळलेला फोटो आधी त्यावर लावून पाहिला, मग तोच कोपऱ्यातल्या स्वस्त लॅपटॉपवर.

"तुमचा महागडा तोंडपुजा आहे. डागच दाखवत नाही. मग मी पुसू काय, डोंबल? हा स्वस्तातला खरं बोलतो. हाच बांधा."

खोकं बांधता बांधता दुकानदार थांबला. पाकिटातून त्याने आईचा जुना फोटो काढला.

"घडी नेमकी चेहऱ्यावर पडलीये, मावशी. घ्याल का काम?"

"खोकं उघडा, लॅपटॉप काढा," म्हणत मावशींनी तिथलीच खुर्ची ओढली.