पिशव्यांची लहान जोडी

"मावशी, आत नाय. वरून ओता."

मैनाबाईने ऐकलंच नाही. दुकानदार प्रतापच्या हातातली पाण्याची बाटली तिने घेतली आणि सायकलच्या कोऱ्या करकरीत पिशवीत उलटी केली. मग पिशवी दोन्ही हातांनी उचलून धरली आणि मान जमेल तेवढी वाकवून खालून बघत राहिली.

"अहो, वॉटरप्रूफ म्हणजे पाऊस आत येत नाय," प्रताप म्हणाला. "बोईसरची पोरं रविवारी सायकलवर शिरगावचा किल्ला बघायला जातात, तेव्हा हीच नेतात. कपडे, डबा, मोबाईल, सगळं कोरडं राहतं."

"पावसाला वास नसतो, दादा. आमचा माल बर्फातला. आतलं पानी भायेर नाय आलं पायजे."

शिलाईतून एक थेंब सुटला. मग दुसरा. मैनाबाईने पिशवी परत दिली. "ही तुमच्या किल्लेवाल्यांना द्या."

दीपिका सायकल धरून बाजूला उभी होती. आईची मान बघत होती. बावीस वर्षं ह्या मानेने नवापूरची मासळी बोईसरला आणली. रोजच्या गिऱ्हाइकांची अठरा घरं बांधलेली. गेल्या महिन्यात डॉक्टरने फोटो काढला आणि सांगितलं, आता डोक्यावर टोपली बंद. मैनाबाई दवाखान्यातून निघाली. घरी येऊन टोपली धुतली आणि उन्हात पालथी घातली. मग म्हणाली, तू कामावर जातेसच सायकलवर, जाता जाता थोडी मासळी टाकत जा.

थोडी म्हणजे किती, ते दीपिकाने मनात ठरवून टाकलं होतं. सगळी. एमआयडीसीतल्या कंपनीच्या लॅबमधली नोकरी ती सोडणार होती. दिवाळीनंतर परमनंट करतो, असं साहेब म्हणाले होते. तरी सोमवारी जाऊन त्यांना सांगायचं, एवढं पक्कं होतं. ह्याच अठरा घरांनी तिला बीएस्सी केलं. आता ती घरं दुसरीच्या हाती जाऊ द्यायची, हे तिला पटत नव्हतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच.

"ती वरची काढा," ती प्रतापला म्हणाली. "सगळ्यात मोठी."

प्रतापने काढली. हिला शिलाई नव्हती, जोड गरम करून चिकटवलेले होते. मैनाबाईने पाणी ओतलं. तोंड तीनदा गुंडाळलं, बकल लावलं, पिशवी उलटी केली, वर दोन थापट्या मारल्या. एक थेंब नाही.

"हीच द्या," दीपिका म्हणाली. "जोडी."

"ताई, टाच लागेल," प्रताप म्हणाला. "पॅडल मारताना दर फेरीला लागेल. तुमची सायकल छोटी आहे."

"लागू दे. मागे सरकवून बसवा."

मैनाबाई मोठ्या पिशवीकडे बघत होती. मग दीपिकाकडे. मग परत पिशवीकडे.

"दादा, असलीच लहान हाय काय?"

होती. भाजी आणायला नेतात तेवढी. मैनाबाईने तिचीही तशीच परीक्षा घेतली. शेवटी पाण्याने भरलेली पिशवी उचलून तिने दीपिकाच्या कामावर जायच्या ओढणीवर उलटी धरली. दीपिका दचकून मागे झाली. ओढणी कोरडीच राहिली.

"ही बरी."

"आये, ह्याच्यात चार घरं पन नाय व्हायची."

"चारच करायची."

"आनि बाकीची चौदा?"

"ती काय तुझ्या सासरची हायत? त्यांना पाय हायत, बाजारात येतील. मी घरी बसून बोंबील वाळवीन. ज्यांना पायजे ते सुके नेतील."

"बावीस वर्षं केलंस तू."

"मी केलं. मला कुठं दुसरं काय येत होतं?"

"मला येतं तर मी दोनी करीन," दीपिका इरेला पेटली. "मोठी घेऊ. पाचला निघेन घरून. भरभर वाटत गेले तर अकरापर्यंत सगळी अठरा होतात. मी बघितलंय हिशेब करून."

प्रताप बकल पुसत होता. त्याचा हात थांबला.

"अकरा," मैनाबाई म्हणाली. "आनि कंपनीत कितीला पोचायचं असतं तुला?"

दीपिकाने सायकलचा ब्रेक उगाच दाबला. सोडला. परत दाबला. नऊ, हा एवढासा आकडा तिच्या तोंडातून निघेना. समोरून कंपनीची बस गेली, तिच्याकडे बघायचं निमित्त मिळालं. बस गेल्यावर तेही राहिलं नाही.

"कधीपासून कळलंय तुला?" तिने हळूच विचारलं.

"मघाशी. तू सगळ्यात मोठी मागितलीस तेवा."

प्रताप म्हणाला, आतून जरा नवा माल बघून येतो. आत काही नवा माल नव्हता, पण तो गेला.

मैनाबाईने लहान पिशवी पायरीवर रिकामी केली, पदराने आतून बाहेरून कोरडी केली आणि स्वतःच सायकलच्या कॅरियरला अडकवून बघितली. मग पॅडल हाताने एक फेरी फिरवलं. ते कशाला लागलं नाही.

"मोठी घेतलीस तर तुला मासळीबरोबर जावं लागेल, बाय," ती म्हणाली. "ही घेतलीस तर मासळी तुझ्याबरोबर जाईल."