केळवण

“ऑपरेशननंतर वाटीभर पेजच ना? मग आत्ता खाऊन घे,” म्हणत आत्यानं चौथी पुरणपोळी माझ्या ताटात वाढली. ताटाभोवती रांगोळी काढली होती. माझं लग्न काही जमलं नाही, त्यामुळं केळवणंही राहिली होती. पोट कापून लहान करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी ती हौस भागवून घेतली.

पंधरा दिवसांतलं हे नववं घर. डॉक्टरांनी बजावलं होतं, आधी पाच किलो उतरवा, नाहीतर ऑपरेशन करणार नाही. मी प्रत्येक घरी ते सांगितलं आणि प्रत्येक घरी ‘एवढ्यानं काय होतंय’ ऐकलं. पण कुणी माझ्या तोंडात कोंबलं नाही. मीच खाल्लं. चौतीस वर्षांत मला कुणी असं पाटावर बसवून ओवाळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काट्यावर उभी राहिले. एकशे अठ्ठावीसचं वजन एकशे एकतीस भरलं. डॉक्टरांनी फाइल मिटली.

“आता पुढच्या महिन्यात बघू. पण तुमच्या हृदयाला फार वाट बघता येणार नाही. खरंच करायचंय का, ते ठरवा.”

बाहेर बाकावर आई बसली होती. तारीख पुढं गेली, एवढंच तिला सांगितलं. जिना उतरताना मी दम खायला दोनदा थांबले, तोवर तिनं आत्याला फोन लावला होता.

“आत्या विचारतेय, मग परत जेवायला कधी येतेस?”

मी कठडा धरून श्वास घेतला.

“रविवारी,” म्हणाले.