बिननावाची सीडी

पिस्तुलाची नळी एव्हारिस्तोच्या मानेत रुतली होती. "रडायचं ते नंतर रड," कानतुटका गुंड म्हणाला, "आधी सीडी बनव. उद्या ती पलीकडच्या टोळीच्या दारात पडली पाहिजे. त्यांचा माणूस आम्ही कसा सोलला ते बघू दे हरामखोरांना. आणि उस्ताद, कुठे बनली ते त्यांना कळलं, तर पुढचा व्हिडिओ तुझा."

मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराच्या बाजारात एव्हारिस्तो पंधरा वर्षं सिनेमांच्या चोरट्या सीड्या विकत होता. त्याने सवयीने कीबोर्डवरचा वर जाणारा बाण दाबला. संगणकाच्या काळ्या पडद्यावर सीडी बनवायची कालचीच आज्ञा जशीच्या तशी उमटली. त्याने तेवढं फाईलचं नाव बदललं. सीडी तयार झाल्यावर तिच्यावरचे बोटांचे ठसे पुसले, वर एक अक्षरही लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी दोन अनोळखी माणसं गाळ्यागाळ्याला एकच प्रश्न विचारत आली. रसवाला "माहीत नाही" म्हणाला, तर त्याचे दात पाडले. तो प्रश्न कानावर पडला आणि एव्हारिस्तोला ती आज्ञा आठवली. सीडी संगणकात घातली की पडद्यावर तिचं जे नाव दिसतं, ते त्या आज्ञेतच राहून गेलं होतं. त्यानेच घातलेलं, सात वर्षांपूर्वी, बाप झाला त्या दिवशी, कौतुकाने.

रक्ताळलेली मूठ त्याच्या फळीवर आदळली. "यारित्सा कोण?"

त्याने तोंड उघडायच्या आत, मागे तिखट लावलेला आंबा चोखत बसलेली त्याची पोर उठून उभी राहिली.

"मी. का हो काका?"