निवड माझी, लॅपटॉप तिचा

मालक, तुम्ही माझ्यावर अन्याय केलात. लग्नाचे व्हिडिओ सोसेल अशी परवडणारी एसएसडी, हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क, शोध, असं मला सांगितलंत. मी आठवडाभर डोकं घातलं. स्वस्तातली एसएसडी मोठी फाईल टाकली की मधेच धापा टाकते, महागडीचा वेग आपला लॅपटॉप पेलत नाही. मधली, पाच वर्षांच्या वॉरंटीची निवडली. आणि तुम्ही ती बसवलीत कुणाच्या लॅपटॉपमध्ये? परवा परवा आपल्या स्टुडिओत एडिटिंगला आलेल्या मृण्मयीच्या.

"दादा, काय पळतंय हो हे," ती मला म्हणाली. तुम्ही हसून म्हणालात, "बघ, पोरीचा हात कसा चालतो." माझी जुनी हार्डडिस्क घरघरत होती. जळफळाट झाला माझा, लपवत नाही.

काल ती रजेवर होती. तिच्या लॅपटॉपवर बसलो, म्हटलं या वेगावर माझा हात कसा चालतो ते आता दाखवतोच. आधी तिने एडिट केलेली पाठवणी उघडली. मी नवरीचं रडणं ठेवलं असतं. तिने ठेवला होता गाडी गेल्यावर रस्त्यात उभा राहिलेला भाऊ, हातात बहिणीची विसरलेली पर्स. मला ते सुचलं नसतं. एसएसडी कुठलीही असो.

तिला द्यायच्या आधीच हे तुम्हाला दिसलं होतं का, मालक? सरळ सांगा.