जागच्या जागी

"ताई, खाली बघू नकोस," केतकी हसत म्हणाली. आकाशपाळणा अगदी वर पोचला होता आणि शेजारी बसलेल्या उर्मिलाताईने डोळे गच्च मिटून घेतले होते. केतकीला मात्र जत्रेतले दिवे गरगरताना बघून गुदगुल्या होत होत्या.

संध्याकाळी मैत्रिणीने ऐनवेळी येत नाही म्हणून कळवलं, तेव्हा केतकीचा चेहरा पार उतरला होता. डॉक्टर तिच्या आजाराला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी म्हणत. कुणी जरा पाठ फिरवली, की सगळ्यांनी आपल्याला टाकलं असंच तिला वाटे. मग ती अधाशासारखी खाई आणि बाथरूममध्ये जाऊन सगळं ओकून टाकी. ताई दाराबाहेर बसून राही. आज मात्र केतकी आपणहून म्हणाली, "मला घरात ठेवू नकोस, कुठंतरी ने." म्हणून दोघी जत्रेत आल्या, बटाट्याची भजी खाल्ली आणि पाळण्यात बसल्या.

पाळणा थांबताच ताई कुंपणाकडे धावली. खाल्लेलं सगळं बाहेर पडलं. केतकीने तिची पाठ चोळली, चूळ भरायला पाणी दिलं.

"तुला नाही मळमळत?" ताईने विचारलं.

केतकीने पोटावर हात ठेवून अंदाज घेतला. "नाही गं. माझी भजी जागच्या जागी आहेत."

ताई तिच्याकडे बघतच राहिली. मग दोघी एकदम हसत सुटल्या आणि हसता हसता मातीतच बसल्या. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "खरंच आहेत ना?"

"आहेत की," केतकी म्हणाली.