जोडचित्र

"काका, तुमचा फोन लागेना म्हणून सुहृदने मला केला. विमानात बसलाय, संध्याकाळपर्यंत घरी पोचतोय!" समोरच्या फ्लॅटमधल्या दाभाडेकाकांना हेरंबने बेधडक ठोकून दिलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. वर्षानुवर्षं लेकाचं तोंड न पाहिलेला म्हातारा असा काही उजळला, की फ्लॅशची गरजच पडली नाही.

हौशी छायाचित्रकारांच्या स्पर्धेला यंदा जोडचित्र हवं होतं. आनंद तर मिळाला. आता त्याच चेहऱ्यावरचं दुःख तेवढं टिपायचं बाकी होतं.

काकांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा चढवला, बासुंदी आटवली आणि दारातच खुर्ची टाकून ते लिफ्टकडे डोळे लावून बसले. लिफ्ट दर वेळी वरच्या मजल्यावर निघून जायची. दिवस कलला, तसा काकांचा चेहराही उतरू लागला. हेरंबला मात्र तो अजून पुरेसा उतरलेला वाटेना.

काकांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. "अरे, असा ताटकळत का उभा? बस की. तो आला, की आम्हा दोघांचा झकास फोटो काढ."

"काढतो ना, काका," म्हणत हेरंबने घरातून स्टूल आणलं आणि कॅमेरा ट्रायपॉडवर नीट बसवला.