इथलाच

समुद्रकाठच्या त्या चिमुकल्या अमेरिकन गावात ज्याचं घर, त्याला नगरपालिकेचं मत. मग तो तिथे राहो वा न राहो. यंदा प्रश्न मुलांच्या वाचनालयाचा होता. ते ठेवायचं, की पाडून पार्किंग करायचं? सुनेत्राकाकू बारा वर्षं तिथे मुलांना गोष्टी वाचून दाखवत होत्या. मत देऊन त्या बाहेर पडल्या, तर समोर निनाद. उन्हाळ्यात दोन आठवडे उगवणारा हा शेजारी आज खास अ‍ॅशबर्नच्या राहत्या घरून तीन तास ड्राइव्ह करून आला होता.

"पार्किंगला टाकलं मत, काकू. समरमध्ये गाडी लावायला जागाच नसते!"

"आणि मुलांनी कुठे जायचं?"

"ते गावातले लोक बघतील ना."

"मग तू कुठला?"

"म्हणजे काय, इथलाच! घर आहे माझं."

पहिलीतल्या मुलाला विचारावं तसं काकूंनी हळूच विचारलं, "मग सांग बरं, आपल्या गल्लीतला कचरा कोणत्या वारी नेतात?"

निनादने फोन काढला. "थांबा, घर सांभाळणाऱ्या मॅनेजरला विचारतो."

"राहू दे. मंगळवारी नेतात, म्हणजे आजच," काकू म्हणाल्या. "तुझा तर टाकूनही झाला."